महसुली खर्चातल्या पेशी

सही करण्याआधी कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची मला खोड आहे. ठाण्यातल्या एका पतपेढीत वीसेक वर्षं हिशेब तपासण्यात गेली की ती लागतेच. खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा मेमोरियलच्या कर्करोग संशोधन केंद्रात, डॉक्टरांनी संमतिपत्राचा मराठी गठ्ठा माझ्यापुढे ठेवला, तेव्हा नवऱ्याने एकदा घड्याळाकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि तो चहा प्यायला निघून गेला. ‘घरी नेऊन वाचा, घाई नाही,’ असं डॉक्टर म्हणाले होते. पण घाई होती. मानेतली गाठ आठवड्या-आठवड्याला वाढत होती.

आजार थोडक्यात सांगते, कारण तो भाग बहुतेक घरांत सारखाच असतो. लिम्फोमा, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. त्यातला बी नावाच्या पेशींचा, वेगाने वाढणारा. आर-चॉप नावाची केमो घेतली. केस गेले, गाठी गेल्या. केस आले, गाठी आल्या. दुसऱ्या फळीची केमो अर्धीमुर्धी लागू पडली. बोन मॅरो प्रत्यारोपण करायचं तर त्याआधी आजार आटोक्यात यावा लागतो आणि माझा येत नव्हता. मग कार-टीचं नाव निघालं. आयआयटी मुंबईच्या प्रयोगशाळेत तयार झालेली, टाटा मेमोरियल सेंटरचे डॉक्टर रुग्णांवर तपासत असलेली उपचारपद्धती. देशातल्या पहिल्या रुग्णाला ४ जून २०२१ रोजी याच ॲक्ट्रेकच्या बोन मॅरो विभागात ती मिळाली होती. मी त्यानंतरच्या, दुसऱ्या टप्प्यातल्या चाचणीत.

संमतिपत्रात गोड बोललेलं काही नव्हतं आणि त्यामुळेच माझा त्यावर विश्वास बसला. फायदा होईलच असं नाही. जीवही जाऊ शकतो. कधीही, कारण न देता बाहेर पडता येईल आणि त्याने बाकीच्या उपचारांत फरक पडणार नाही. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देणार, नैतिकता समितीला फोन कुठे करायचा, सरकारी नोंदणीत या चाचणीचा क्रमांक काय. तो क्रमांक मी घरी येऊन त्या संकेतस्थळावर शोधला. आपल्याकडे औषधांच्या चाचण्यांची नोंद तिथे सक्तीची आहे आणि ती कुणालाही उघडून बघता येते. खर्चाबद्दलच्या ओळीखाली मी पेन्सिलने रेघ मारून ठेवली: या पेशी तयार करण्याचे पैसे रुग्णाकडून घेतले जाणार नाहीत. माझ्या धंद्यात ‘घेतले जाणार नाहीत’ असं वाचलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. मग देतंय कोण?

तो प्रश्न तेव्हा बाजूला राहिला, कारण पेशी काढायची तारीख आली.

कार-टीमध्ये औषध कारखान्यातून येत नाही, आपल्याच रक्तातून निघतं. रक्तातल्या टी पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी, बाहेर काढतात, लेंटिव्हायरस नावाच्या, आजार पसरवण्याची ताकद काढून घेतलेल्या विषाणूकरवी त्यांच्यात एक नवं जनुक सोडतात. त्या जनुकामुळे टी पेशीच्या अंगावर एक नवा ग्राहक (रिसेप्टर), म्हणजे ओळख पटवणारा रेणू, उगवतो आणि बी पेशींवरचं सीडी-१९ नावाचं प्रथिन तिला ओळखता येऊ लागतं. ओळखलं की ती मारते. बी पेशी चांगली की कॅन्सरची, हा भेद तिला करता येत नाही, त्यामुळे दोन्ही मरतात आणि पुढे बराच काळ अँटिबॉडीचं इंजेक्शन बाहेरून घ्यावं लागतं. आयआयटीत राहुल पुरवार यांच्या गटाने या ग्राहकाची रचना माणसाच्या शरीराला कमी परकी वाटेल अशी बदलली होती.

पेशी काढणं म्हणजे ज्यांनी कधी प्लेटलेट दान केलंय त्यांना ओळखीचा प्रकार. एका नळीने रक्त मशीनमध्ये जातं, हवं ते वेगळं होतं, उरलेलं दुसऱ्या नळीने परत येतं. रक्त गोठू नये म्हणून जे घालतात त्याने शरीरातलं कॅल्शियम उतरतं आणि ओठांना मुंग्या येतात. सिस्टर दर थोड्या वेळाने विचारायची, ‘ताई, मुंग्या?’ आणि एक गोळी चघळायला द्यायची. कित्येक तास असे गेले. शेवटी जी पिशवी भरली ती एवढीशी, फिकट, कुणी सांगितलं नसतं तर मी ढुंकून पाहिलं नसतं.

त्यानंतर वाट पाहणं. प्रयोगशाळेत थोड्याशा पेशींपासून पुरेशा पेशी वाढवायच्या, म्हणजे विरजण लावून बसण्यासारखंच. आपल्या हातात काही नसतं, आणि बिघडलं तर परत पहिल्यापासून. वाढल्यावर त्यांत जंतुसंसर्ग नाही ना, नवं जनुक किती पेशींत शिरलं, हे तपासून त्या द्रवरूप नायट्रोजनच्या थंडाव्यात गोठवतात. दरम्यान माझी गाठ वाढू नये म्हणून मधली केमो चालू होती. नवरा ठाणे-पनवेल लोकलने कागदपत्रं घेऊन जा-ये करायचा. ऐरोली, रबाळे, घणसोली ही स्टेशनं त्याला पाठ झाली. मी घरी बसून पतपेढीच्या थकबाकीच्या याद्या बघायची. घरून काम करू नका असं कुणी सांगितलं नव्हतं आणि रिकाम्या डोक्यापेक्षा थकबाकीदार बरे.

दाखल झाल्यावर आधी फ्लुडाराबिन आणि सायक्लोफॉस्फमाइड ही केमोची औषधं, म्हणजे येणाऱ्या पेशींसाठी शरीरात जागा करून ठेवायची. मग तो दिवस. इतकं सगळं ज्यासाठी, ते पाच-दहा मिनिटांत संपतं. गोठलेली पिशवी कोमट पाण्यात वितळवली, दोघांनी मिळून नाव आणि क्रमांक मोठ्याने वाचून ताळा केला (हे मला फार आवडलं, आमच्या तिजोरीच्या दोन किल्ल्यांसारखं नियमाचं काम) आणि सलाइनसारखी लावली. पेशी गोठवताना जे रसायन घालतात त्याचा वास श्वासातून बाहेर पडतो. मला स्वतःला तो आलाच नाही, पण नवरा दारातूनच म्हणाला, ‘कुणी लसणाची फोडणी दिलीय का इथे?’

ताप दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चढला. तो यायलाच हवा, न आला तर डॉक्टर जास्त विचारात पडतात, असं मला आधी सांगितलं होतं. टी पेशी कामाला लागल्या की त्या रासायनिक संदेशांचा लोंढा सोडतात, त्याने अंग भट्टीसारखं तापतं, रक्तदाब पडतो. माझा पडायला लागला तेव्हा डॉक्टरांनी टॉसिलिझुमॅब द्यायचं ठरवलं. हे नाव ऐकून नवऱ्याचा चेहरा उतरला. २०२१च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, माझ्या दिरासाठी याच इंजेक्शनची चिठ्ठी घेऊन तो ठाण्यापासून पनवेलपर्यंत दुकानं पालथी घालत फिरला होता. ते मिळालं नव्हतं. इथे सिस्टरने कपाटातून काढलं आणि लावलं. मुळात हे संधिवाताचं औषध. २०१२ मध्ये फिलाडेल्फियात एमिली व्हाइटहेड ही सात वर्षांपेक्षाही लहान मुलगी कार-टी घेणारी पहिली बालरुग्ण ठरली आणि याच तापाने मरणाच्या दारात गेली, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी ते वापरून पाहिलं आणि ती वाचली. तिथले कार-टीचे संशोधक कार्ल जून यांना त्या औषधाची माहिती होती, कारण त्यांच्या मुलीला संधिवात होता. माझा तापही उतरला, एका दिवसात नाही, पण उतरला.

मेंदूवर परिणाम होतोय का हे बघायला रोज एक छोटी परीक्षा असते. वर्ष कोणतं, महिना कोणता, शहर कोणतं, हॉस्पिटल कोणतं. तीन वस्तूंची नावं. ‘जीभ बाहेर काढा’सारखी एखादी सूचना पाळायची. शंभरपासून दहा-दहा कमी करत उलटे आकडे म्हणायचे. आणि एक वाक्य लिहून दाखवायचं. शंभर, नव्वद, ऐंशी हे माझ्यासारखीला विचारणं म्हणजे अपमानच, पण मी निमूट म्हणायची. वाक्य मी रोज एकच लिहायची: ‘आजची रोजकीर्द जुळली.’ आमची सिस्टर कोट्टायमची, तिला मराठी वाचता येत नव्हतं. ती कालच्या ओळीशेजारी आजची ओळ धरायची आणि अक्षर थरथरलंय का एवढंच बघायची. तापाच्या दिवसांत रेघ जरा खाली उतरली होती, तेव्हा तिने डॉक्टरांना बोलावून दाखवली. परीक्षेचे गुण मात्र पूर्ण राहिले.

महिन्याभराने पेट स्कॅन झाला आणि त्यात गाठी नव्हत्या.

हे वाचून कुणी माझ्याकडे ‘कार-टी म्हणजे हमखास’ असं म्हणत येऊ नये, म्हणून आकडे सांगते. या चाचण्यांचे निकाल २०२५ मध्ये लॅन्सेट हेमॅटॉलॉजीत छापून आले. रुग्ण ६४, उपचाराला प्रतिसाद दिलेले सुमारे ७३ टक्के. म्हणजे चारातल्या एकाला उपयोग होत नाही, आणि झालेल्यांपैकीही काहींचा आजार परततो. माझ्या शेजारच्या खोलीत जळगावचा एक मुलगा होता, इंजिनिअरिंगचा. त्याचा परतला.

आता त्या पेन्सिलच्या रेघेकडे येते. हिंडण्याफिरण्यावर बंदी होती, गर्दीत जायचं नाही, हाताशी वेळच वेळ. मी माझ्या पेशींचे पैसे शोधायला बसले. सरकारी प्रसिद्धिपत्रकातच सापडलं: केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने बायरॅक या आपल्या सरकारी कंपनीमार्फत, राष्ट्रीय बायोफार्मा मिशनमधून, या पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीसाठी १९.१५ कोटी रुपये मंजूर केले होते. अमेरिकेत २०१७ मध्ये या प्रकारचं पहिलं औषध विक्रीला आलं तेव्हा एका रुग्णाची छापील किंमत होती ४ लाख ७५ हजार डॉलर, त्या वेळच्या दराने तीन कोटींच्या वर. मी भागाकार केला. आपल्याकडे अख्ख्या चाचणीला मंजूर झालेल्या रकमेत तिकडे सहा माणसांचं औषध आलं असतं.

पण १९.१५ कोटी हा फक्त शेवटचा हप्ता. टी पेशीला असा नवा ग्राहक बसवण्याची कल्पना प्रत्यक्षात आणली इस्रायलच्या वाइझमन संस्थेत झेलिग एशर यांनी, १९८९ मध्ये. तिथपासून बाजारात औषध यायला अठ्ठावीस वर्षं लागली, आणि त्यातला मोठा काळ ही गोष्ट विकली जाईल असं कुणाही व्यापाऱ्याला वाटत नव्हतं. खर्च चालू ठेवला तो विद्यापीठांनी, अमेरिकेच्या सरकारी कर्करोग संस्थेने, धर्मादाय निधींनी. आणि आपल्याकडे? शरीराबाहेर पेशी वाढवण्याची देशातली पहिली प्रयोगशाळा परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये उभी केली कमल रणदिवे यांनी. माहेरच्या समर्थ, पुण्याच्या. वसंत खानोलकर यांच्याकडे पीएचडी केलेल्या. तेच केंद्र पुढे कर्करोग संशोधन संस्था झालं आणि परळहून खारघरला येऊन ॲक्ट्रेकमध्ये मिळालं. वाशीला भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या इमारतीवरून मी अनेकदा गेलेय. ती संघटना काढणाऱ्यांतही रणदिवे होत्या, हे मला या रिकामपणात कळलं.

या सगळ्या खर्चाला आमच्या भाषेत महसुली खर्च म्हणतात. पगार, शिष्यवृत्त्या, प्रयोगाची रसायनं, नायट्रोजन, वीज, उंदरांचं खाणं. इमारत आणि मशीन हा भांडवली खर्च, त्याची पाटी लागते, फीत कापली जाते. महसुली खर्च ३१ मार्चला संपतो आणि ताळेबंदात त्याची मालमत्ता म्हणून काही उरत नाही. माझ्या शरीरात ज्या पेशी अजून कदाचित फिरत असतील, त्या शंभर टक्के महसुली.

आमच्या मजल्यावरची एक मुलगी नवी मुंबईतल्या एका संस्थेत प्रतिकारशास्त्रात पीएचडी करते. एक दिवस मी तिला विचारलं, तुमचं पैशाचं कसं चालतं गं? ती हसली. ‘काकू, मंजूर होतं, येत नाही.’ २०२३ पासून संशोधक विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती वाढून सुरुवातीच्या वर्षांत ३७ हजार आणि नंतर ४२ हजार झाली, ती मुलांनी रस्त्यावर उतरून मागितली तेव्हा. कागदावर चांगली आहे. पण हिची कित्येकदा चार-चार महिने थकते आणि मग एकदम येते. तोवर खोलीचं भाडं वडील रत्नागिरीहून पाठवतात. प्रयोगाला लागणारी अँटिबॉडीची कुपी परदेशातून बर्फात येते, कागद अडकला की बर्फ संपतो. २०२२ च्या जुलैत सरकारी संशोधन संस्थांना उपकरणांवर मिळणारी ५ टक्के जीएसटीची सवलत काढली गेली आणि बहुतेक उपकरणांवर १८ टक्के लागू झाला. म्हणजे सरकारने एका हाताने अनुदान द्यायचं आणि दुसऱ्या हाताने त्यातलं काढून घ्यायचं. असली नोंद माझ्या टेबलावर आली असती तर मी लाल शेरा मारून परत पाठवली असती.

ती मुलगी, मी, कळव्याचे एक निवृत्त गुरुजी आणि उपचारांत ओळख झालेले आणखी काही जण, असे आम्ही संशोधनाच्या या पैशाबद्दल बोलायला जमू लागलो. गुरुजींची कथा माझ्याहून महत्त्वाची आहे. त्यांच्या धाकट्या भावाला तंबाखूने तोंडाचा कॅन्सर झाला. तोंडाच्या कॅन्सरला आता इम्युनोथेरपी आहे: टी पेशींवर पीडी-१ नावाचा रेणू असतो, तो त्यांना आवरून धरतो, निव्होलुमॅब हे औषध तो रेणू अडवतं आणि पेशी मोकळ्या होतात. पीडी-१ शोधणारे तासुकू होंजो आणि असाच दुसरा आवर अडवून दाखवणारे जेम्स ॲलिसन यांना २०१८ चं नोबेल मिळालं. पण पूर्ण डोस आपल्याकडच्या शंभरांतल्या दोन-तीन रुग्णांनाही परवडत नव्हता. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी वेगळाच प्रश्न विचारला: एवढा डोस लागतो तरी का? नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम. त्यांनी दर तीन आठवड्यांनी २० मिलिग्रॅम दिला, सोबत तोंडाने घ्यायची स्वस्त औषधं. सहा आठवड्यांचा हिशेब केला तर ७२० च्या जागी ४०. डोके आणि मानेच्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांची चाचणी, २०२३ मध्ये छापून आली. नुसत्या स्वस्त औषधांवर वर्षभर जगलेले १६.३ टक्के, छोटा डोस जोडल्यावर ४३.४ टक्के.

गुरुजींचा भाऊ वर्षाहून बराच जास्त जगला. गुरुजी म्हणतात, ‘आपलं औषध अठरा पट कमी खपावं म्हणून कोणती कंपनी पैसे लावेल, सांगा.’ सार्वजनिक पैशाच्या बाजूने मी ऐकलेलं सगळ्यात भक्कम कारण हेच. त्यापुढे माझ्या कार-टीची गोष्ट दिखाऊ वाटते.

आम्ही आधी सगळे करतात तेच केलं. अर्थसंकल्पाआधी केंद्र सरकार सूचना मागवतं, तिथे लिहिलं. मंत्र्यांना पत्रं पाठवली, पोचपावत्या आल्या. पत्रात सगळं घातलं होतं: देशाचा संशोधनावरचा खर्च जीडीपीच्या ०.६४ टक्के, चीनचा दोन टक्क्यांच्या वर. २०१७ च्या ९ ऑगस्टला मुंबईसह अनेक शहरांत वैज्ञानिकांनी मोर्चे काढून ३ टक्के मागितले होते, त्याचं काय झालं. सगळं खरं, आणि वाचणाऱ्याला करण्यासारखं त्यात काही नाही. मग ठरलं, खासदारांच्या कार्यालयात जाऊ.

तिथले स्वीय सहायक तरुण होते, चटपटीत. खासदार दिल्लीत होते. सहायकांनी पाच मिनिटांत माझी फाइल चाळली आणि म्हणाले, ‘ताई, काम होईल. खासदार निधीतून एखादं मशीन देऊ हॉस्पिटलला. कोटेशन आणा.’ मी म्हटलं, मशीन नको, मुलांच्या शिष्यवृत्त्या वेळेवर हव्यात. ते थांबले. खासदार निधी वर्षाला पाच कोटींचा, पण त्यातून टिकाऊ मालमत्ताच उभी करता येते, पगार-बिगार बसत नाहीत. हा नियम त्यांनी मला समजावला आणि तो मला माहीत होता. ‘आणि ताई, खरं सांगू?’ आवाज खाली आणून ते म्हणाले, ‘वेळेवर आलेल्या शिष्यवृत्तीचा फोटो कसा काढायचा?’

राग आला नाही. तो माणूस प्रामाणिक होता, आणि पुढे आम्हाला खरी मदतही त्याचीच झाली. ‘मग प्रश्न टाका,’ तो म्हणाला. ‘लोकसभेत. लेखी उत्तराचा.’ त्याची रीत त्यानेच शिकवली. पंधरा दिवस आधी सूचना द्यावी लागते. प्रश्न दीडशे शब्दांच्या आत. मत मागायचं नाही, माहिती मागायची. कोणत्या खात्याकडे जातोय ते नीट ठरवायचं. त्याने आधी ‘आरोग्य’ लिहिलं होतं. टाटा मेमोरियल १९६२ पासून अणुऊर्जा विभागाकडे आहे हे सांगितलं तेव्हा त्याने मोबाइलवर खात्री करून घेतली. चाचणीचं अनुदान मात्र जैवतंत्रज्ञान विभागाचं, म्हणजे विज्ञान व तंत्रज्ञान मंत्रालय. एका आजाराचा पैसा इतक्या दारांतून येतो, आणि प्रश्न एका वेळी एकाच दारावर ठोकता येतो.

आमच्यात मग खरं भांडण लागलं. मुलीचं म्हणणं, रक्कम वाढवा हे आधी विचारा. संशोधनासाठी २०२३ मध्ये कायद्याने नवं प्रतिष्ठान झालं, पाच वर्षांत ५० हजार कोटींचं, पण त्यातले सुमारे १४ हजार कोटीच सरकारचे, उरलेले उद्योग आणि देणगीदारांकडून यायचे. पुढे एक लाख कोटींची योजना आली, तीही बाजाराजवळ पोचलेल्या प्रकल्पांना स्वस्त कर्ज देणारी. १९८९ च्या एशरांना त्यातलं काही मिळालं नसतं. तिचं बरोबर होतं. माझं म्हणणं, रकमेवर सरकार भाषण देईल, तारखेवर उत्तर द्यावं लागेल. गेल्या तीन वर्षांत मंजूर झालेल्या अनुदानाचे हप्ते ठरल्या दिवसानंतर सरासरी किती दिवसांनी पोचले? शिष्यवृत्ती किती विद्यार्थ्यांची तीन महिन्यांहून जास्त थकली? असल्या कंटाळवाण्या गोष्टी हलतात. २०२५ च्या जूनमध्ये संशोधन संस्थांच्या प्रमुखांना सरकारी पोर्टलबाहेरून उपकरणं घ्यायची मुभा मिळाली आणि दरपत्रकाशिवाय खरेदीची मर्यादा एका लाखावरून दोन लाख झाली. कुठे फटाके वाजले नाहीत, पण प्रयोगशाळांत त्या दिवशी पेढे वाटले गेले असतील तर मला नवल वाटणार नाही.

गुरुजी दोघींचं ऐकून घेऊन म्हणाले, ‘आणि किमतीचं?’

यावर माझ्याकडे सरळ उत्तर नव्हतं. ज्या पेशी मला चाचणीत फुकट मिळाल्या, त्यांना ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारी मंजुरी मिळाली, ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते आयआयटीत त्या देशाला अर्पण झाल्या, आणि आता त्या आयआयटीतूनच निघालेल्या कंपनीमार्फत विकल्या जातात. किंमत परदेशाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. तरी ती चाळीस लाखांच्या घरात जाते. आपल्या राज्याच्या जनआरोग्य योजनेचं कवच आहे पाच लाखांचं. जळगावच्या त्या मुलाच्या बापाची केळीची बाग विकूनही हे जमलं नसतं. कंपनी लुटते असं मी म्हणणार नाही. प्रत्येक रुग्णासाठी औषध नव्याने, स्वतंत्र बनतं, त्याला खोल्या, माणसं, तपासण्या लागतात, हे मी स्वतः पाहिलंय. पण करदात्यांनी जोखीम घेतली आहे तर वाट्याला काय यावं, हे अनुदान देतानाच करारात लिहायला हवं. काही जागा सरकारी रुग्णालयांसाठी राखीव, काही किंमत बांधलेली, काहीतरी. आम्ही पतपेढीत पन्नास हजारांचं कर्ज देताना दोन जामीन घेतो.

प्रश्न गेला. किती प्रश्न घ्यायचे याला रोज मर्यादा असते आणि क्रम सोडतीने लागतो. त्या अधिवेशनात आमचा आला नाही. सहायकांनी फोन करून सांगितलं, ‘ताई, नाराज होऊ नका, परत टाकू.’ दरम्यान मुलीची शिष्यवृत्ती आली, आधीच्या दिवाळीची नंतरच्या होळीला. मी कामावर परतले. अँटिबॉडीची इंजेक्शनं अजून चालू आहेत, गणपतीत मास्क लावून आरतीला उभी राहते आणि लोक बाजूला सरकतात.

पुढच्या अधिवेशनासाठी प्रश्न आता तयार आहे. दीडशे शब्दांत बसवताना काहीतरी उडवावं लागणार होतं. किमतीची ओळ गुरुजींनी काढू दिली नाही, रकमेची मुलीने, तारखांची मी. शेवटी आम्ही कोण, कशातून गेलो, हा वरचा परिच्छेद काढून टाकला आणि शब्द भरले एकशे अठ्ठेचाळीस.